माती बिकानेरची, राख दिंडोरीची

माझी माती ट्रकनं येते. बॉल क्ले बिकानेरकडची, फायर क्ले गुजरातेतल्या थानची, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ राजस्थानातून. पन्नास किलोच्या गोण्या असतात, उतरवून घेतल्या की वर्षभराची निश्चिंती. जन्म नाशिकचा, बहुतेक आयुष्य नाशिकमध्ये गेलं, पण इथल्या मातीची स्टोनवेअर, म्हणजे खूप आचेवर भाजलेली, पाणी न मुरणारी भांडी होत नाहीत. कुंभारवाड्यात चाकावर चढते ती लाल माती आठशे-नऊशे अंशांवर सुंदर भाजते. माझी भट्टी १२८० अंशांच्या पुढे जाते. तेवढ्या आचेत ती माती आधी फुगते, मग बसते आणि शेवटी शेल्फवर वितळून पसरते. काळ्या मातीचं तर नावच नको. ओली असताना फुगते आणि वाळताना एवढी आकसते, की उन्हाळ्यात शेताला पडतात त्याच भेगा वाटीच्या बुडाला पडतात.

मग या भांड्यांमध्ये नाशिकचं काय, हा प्रश्न मला सुरुवातीची कितीतरी वर्षं टोचत होता. बाहेरची माती आणायची, बाहेरून ग्लेझची, म्हणजे भांड्यावर काचेसारखा थर देणाऱ्या लेपाची, पावडर आणायची, गॅसवर भाजायचं आणि खाली ‘नाशिक’ असा शिक्का मारायचा, हे मला पटत नव्हतं. उत्तर दिलं ते लाकडाच्या भट्टीनं. भांड्याचं अंग परगावचं असेल, पण त्यावरची कांती इथल्या लाकडाची, इथल्या तुसाची आणि इथल्या दगडाची आहे. गेली काही वर्षं माझं सगळं काम याच एका गोष्टीभोवती चाललं आहे.

ज्यांनी लाकडाची भट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लाकूड जळतं तेव्हा राख नुसती खाली पडत नाही. ज्वाळेबरोबर ती उडते, भट्टीभर फिरते आणि भांड्यांवर बसते. बाराशे अंशांच्या पुढे गेलं की ही बसलेली राख मातीतल्या सिलिका आणि ॲल्युमिनाशी मिळून वितळायला लागते. राखेत चुना असतो, पोटॅश असतं, दोन्ही सिलिकाला वितळवणारे पदार्थ. म्हणजे राख हे निम्मं ग्लेझच. त्याची काच होते, कुठे शेवाळी, कुठे मधाच्या रंगाची, आणि जिथे राख फार साचते तिथे ओघळ येतात. जिथे राख पोचत नाही, तिथे लाकडातून सुटलेली क्षारांची वाफ पोचते आणि उघड्या मातीवर केशरी, तांबूस झाक उमटते. त्याला आम्ही फ्लॅशिंग म्हणतो. जपानमध्ये बिझेन, शिगाराकी या गावांमध्ये वरून काहीही न लावता, नुसत्या आगीवर आणि राखेवर सोडून दिलेली भांडी शतकानुशतकं भाजली जातायत. त्यांची बोगद्यासारखी लांब ‘अनागामा’ भट्टी मुळात कोरियातून तिकडे गेली, पाचव्या शतकाच्या सुमाराला.

म्हणून लाकडाच्या भट्टीत रंगकाम हे ब्रशनं होत नाही. ते होतं भट्टी भरताना. लोकांना वाटतं भट्टी भरणं म्हणजे हमाली. मला विचाराल तर या धंद्यातलं सगळ्यात बुद्धीचं काम तेच आहे. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून पाणी कसं जातं ते नाशिककरांनी पाहिलेलं असतं. एका बाजूवर धडकतं, दोन्ही अंगांनी फुटून पुढे जातं आणि मागे भोवरा करतं. ज्वाळ भांड्याभोवती अगदी तशीच वाहते. ज्या बाजूवर धडकते तिथे राखेचा थर बसतो, बाजूंना रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरत जातो आणि पाठीमागे एक शांत, कोरडा भाग राहतो. दोन भांड्यांमध्ये बोटभर जागा सोडली तर ज्वाळ तिथून जोरात घुसते, चार बोटं सोडली तर आळसावते. मोठा रांजण पुढे ठेवला तर त्याच्या मागच्या कपांना राख मिळत नाही, पण सावलीतल्या त्याच कपांवर कधीकधी असा गुलाबी-केशरी रंग येतो, की समोरची ओळ फिकी पडावी. एक कप उचलायचा, फिरवायचा, कान आगीकडे करायचा की आगीपासून दूर, हे ठरवायचं, ठेवायचा, मागे सरून बघायचं, पुन्हा उचलायचा. माझ्याकडे भट्टी पेटवून विझवण्यापेक्षा भरायला जास्त वेळ लागतो.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला तीन-चार गोळ्या चिकटवायच्या. ॲल्युमिना आणि चायना क्ले समसमान घेऊन मळलेल्या, बोराएवढ्या. या वितळत नाहीत, त्यामुळे राखेची काच झाली तरी भांडं शेल्फला चिकटून बसत नाही. नंतर त्या टिचकीनं निघतात आणि बुडाला फिकट गोल ठिपके राहतात. पुष्कळ जण विचारतात, हे डाग का? ते डाग नाहीत, भांडं कशावर उभं होतं त्याची खूण आहे. मी ते घासून काढत नाही.

मी या कामात आले ती उपयोजित कलेच्या शिक्षणातून. काही वर्षं जाहिरातीत काढली, मग पुद्दुचेरीला गेले. भारतात आज लाकडावर स्टोनवेअर भाजणारे जे कोणी आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा धागा कुठे ना कुठे पुद्दुचेरीशी जुळतो. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. माझे गुरू त्याच परंपरेतले. त्याही आधी सरदार गुरचरण सिंग जपानला जाऊन शिकून आले होते आणि दिल्लीत त्यांनी स्टुडिओ पॉटरीचा पाया घातला. आपल्याकडे महाराष्ट्रातही हे काम नवं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघानं कुंभारकामाचं मोठं केंद्र उभं केलं. भाईंदरला ब्रह्मदेव राम पंडित यांनी आयुष्यभर चाकावर काम केलं, त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. कुणी विचारलं, की हे शिकायला परदेशात जावं लागतं का, तर मी ही नावं सांगते.

पुद्दुचेरीहून परत येताना डोक्यात एकच होतं, भट्टी बांधायची. गिरणाऱ्याच्या बाजूला शेतजमिनीचा एक तुकडा होता. एका फाउंड्रीची जुनी भट्टी मोडणार होते, तिथून फायर ब्रिक मिळाल्या, काही अर्ध्या, काही एका अंगानं काळी काच चढलेल्या. नव्या विटा घेतल्या असत्या तर भट्टी अजून कागदावरच असती.

कमान कशी बांधायची यावरून गवंडीकाकांशी माझी बरीच बोलणी झाली. त्यांनी आयुष्यात शेकडो कमानी बांधलेल्या, सगळ्या अर्धगोल. मला हवी होती ती वर निमुळती, खाली पसरलेली. ते म्हणाले, “ताई, हिला खालून आधार काढला की बसंल.” मी घरातली एक साखळी आणली, भिंतीवर दोन खिळे ठोकले आणि साखळी त्यांना अडकवून सोडली. तिला जो झोळ पडला तो खडूनं गिरवला आणि तोच आकार प्लायवर उलटा उतरवला. लोंबत्या साखळीत सगळा ताण साखळीच्या रेषेतूनच जातो. तीच रेषा उलटी केली की सगळा दाब विटांमधूनच खाली उतरतो, कमान बाहेर फाकत नाही आणि तिला लोखंडी पट्ट्यांनी आवळावं लागत नाही. काकांनी साखळीला बोट लावून दोन-तीनदा हलवलं, ती पुन्हा तशीच येऊन थांबली. मग म्हणाले, “बरं. पण सिमेंट नाय ना?” सिमेंट अजिबात नाही. एवढ्या उष्णतेत सिमेंटचं पीठ होतं. फायर क्ले आणि वाळू, तीही पातळ, विटेला नुसती बैठक मिळावी एवढीच. साचा काढला तेव्हा काका स्वतः आत जाऊन उभे राहिले. त्यांनी नंतर दोन ठिकाणी अशीच कमान बांधली, मला फोन करून सांगितलं.

आता लाकूड. पुद्दुचेरीला सुरूचं लाकूड मुबलक, आपल्याकडे बाभूळ आणि सुबाभूळ. सुरुवातीला मी वखारीतून बाभूळच आणायची. निखारा उत्तम, धग टिकाऊ, पण ज्वाळ आखूड. मला भट्टीच्या शेवटच्या ओळीपर्यंत लांब ज्वाळ हवी होती. द्राक्षाचं लाकूड माझ्याकडे आलं ते शेजाऱ्यामुळे. दिंडोरीकडच्या त्यांच्या नातेवाइकांनी थॉमसन जातीच्या द्राक्षांची जुनी बाग काढली होती. एक वर्ष गारपीट, पुढच्या वर्षी ऐन फुलोऱ्यात अवकाळी, त्यात भाव नाही. बाग काढणं म्हणजे काय हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खुंटावर डोळे भरल्यापासून, म्हणजे कलम केल्यापासून, जी झाडं पोरांसारखी वाढवली, ती जेसीबीनं उपटून बांधावर टाकायची. ते दादा मला एवढंच म्हणाले, “घेऊन जा ताई, नाहीतर इथंच पेटवून द्यायचं आहे.”

द्राक्षाचं खोड हातात घेऊन पाहण्यासारखं असतं. मनगटाएवढं ते दंडाएवढं जाड, सरळ असं कुठेच नाही. वरची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. दर वर्षीच्या खरड छाटणीच्या आणि गोडी छाटणीच्या जखमा गाठी होऊन राहिलेल्या असतात. मांडवाची तार कुठे कुठे लाकडात एवढी रुतलेली असते, की पक्कडनं ओढली तरी निघत नाही. फोडायला महाकठीण. कुऱ्हाड गाठीवर बसली की तिथेच अडकते. त्यामुळे मी फोडत नाही, हातभर लांबीचे तुकडे करून पत्र्याच्या शेडखाली वर्षभर वाळवते. ओलं लाकूड जाळलं तर बरीच उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच जाते.

आणि त्याची राख! बाभळीपेक्षा माझ्या भट्टीत ती लवकर वितळते, ओघळ पातळ येतात, रंग हिरव्याकडे झुकतो. काही कपांवर, जिथे थर दाट आहे तिथे, हिरव्याच्या कडेला फिकट गुलाबी छटा दिसते. माझा कयास असा, की ती मोरचुदाची असावी. बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण मारलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं आणि धुरकट, ऑक्सिजन कमी असलेल्या आगीत तांबं लाल होतं. त्या बागेच्या पहिल्या भट्टीतले चार कप मी दादांच्या घरी नेऊन दिले. त्यांच्या आईनं कप उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि विचारलं, “हे आपल्या बागेचं हिरवं?” मी हो म्हटलं. आजी त्याच कपातून चहा घेतात.

बागेच्या बारीक काड्या मी मागत नाही. पूर्वी त्या सर्रास पेटवल्या जायच्या. आता बरेच शेतकरी कुट्टी करून बागेतच टाकतात, आणि तेच योग्य आहे. मला फक्त काढलेल्या बागांची खोडं हवी असतात.

राखेशिवाय आणखी दोन गोष्टी. एक, घोटीचं तूस. इगतपुरी-घोटीकडे भाताच्या गिरण्या आहेत, तिथून तूस आणते. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर, त्यामुळे एकटी ती वितळत नाही, पण द्राक्षाच्या राखेत आणि फेल्डस्पारमध्ये मिसळली की दुधाळ पांढरं ग्लेझ होतं, कडांना किंचित निळसर. दुसरी, खडी क्रशरवरची कच. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, मुळात एकदा वितळून थंड झालेला लाव्हाच. लोह आणि चुना दोन्ही त्यात आहेत. बारीक दळून, चाळून, भांड्यावर लावला की माझ्या भट्टीत तो पुन्हा वितळतो आणि काळा-तपकिरी, कडेला तांबूस असा उतरतो. सह्याद्रीचा दगड वाटीच्या आत वितळलेला पाहिला तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही. दर भट्टीत पहिल्यांदा तीच भांडी शोधते.

प्रत्यक्ष भाजणं तीस तासांच्या आसपास चालतं. मी एकटी ते करूच शकत नाही. भाऊ, दोन-तीन जुने विद्यार्थी, शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा, असे पाळ्या लावून बसतो. सुरुवात अगदी मंद. भांड्यात उरलेला ओलावा घाईत तापला तर वाफेनं भांडं फुटतं. ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतं, तिथेही सांभाळून. नऊशेच्या पुढे गेलं की धुराड्याचा पडदा थोडा लोटायचा आणि आग हवेसाठी तळमळेल असं करायचं. हवेतला ऑक्सिजन पुरेना की आग तो मातीतल्या लोहाकडून ओढून घेते. लाल-पिवळ्या लोहाचं काळं-हिरवं होतं ते इथे. मग अकराशेनंतर बारीक ढलप्यांचं काम. लाकूड टाकलं की धुराड्यातून काळा लोट आणि त्यामागून ज्वाळ बाहेर येते, पायरोमीटरचा, म्हणजे भट्टीच्या तापमापकाचा, आकडा दहा-पंधरा अंशांनी खाली येतो. धूर विरळ होईपर्यंत थांबायचं. आकडा चढतो, थांबतो, पुन्हा टाकायचं. नवा माणूस नेहमी घाई करतो, लाकूड जास्त टाकतो, आणि आत निखाऱ्यांचा ढीग साचून हवेची वाट बंद होते. म्हणून पाळीवर दोघं असतात, एक टाकणारा आणि एक नुसता बघणारा.

आकड्यावर मी फार विसंबत नाही. भट्टीत ठरावीक आचेला मऊ होऊन वाकणारे छोटे शंकू ठेवलेले असतात, नऊ, दहा, अकरा नंबरचे. हेर्मान झेगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८८६ मध्ये ही पद्धत आणली. पायरोमीटर आत्ता किती तापमान आहे ते सांगतो. शंकू सांगतो, की त्या तापमानानं इतक्या तासांत मातीवर काय काम केलं. बाराशेच्या पुढे भोकातून आत पाहिलं तर सगळं एकाच पांढुरक्या-पिवळ्या रंगाचं असतं, वेल्डिंगचा चष्मा लावून हलकेच फुंकर घातली तरच शंकूची कड दिसते. राख किती वितळली हे कळायला मात्र एकच खात्रीचा उपाय. आधीच ठेवलेली मातीची कडी लोखंडी सळईनं ओढून काढायची, पाण्यात टाकायची, आणि विझल्यावर बोट फिरवायचं. खरखरीत लागली तर राख अजून कच्ची, अजून काही तास. गुळगुळीत आणि ओली चमक दिसली तर झालं. मग सगळी तोंडं मातीनं लिंपून भट्टी बंद करायची आणि तिला तिच्या वेळानं थंड होऊ द्यायचं.

कुंभारवाड्यातले एक काका अधूनमधून येतात. घटस्थापनेचे घट, संक्रांतीची सुगडं, उन्हाळ्याचे माठ, अक्षय्यतृतीयेच्या मातीच्या केळी, त्यांचं वर्ष या क्रमानं फिरतं. एवढं लाकूड कशाला, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. त्यांचा आवा गोवऱ्या आणि काटक्यांवर एका रात्रीत भाजून होतो. आणि माठाला तेवढीच आच हवी. जास्त भाजला तर छिद्रं बुजतात आणि पाणी थंडच होणार नाही. माझं भांडं वेगळ्या कामाचं, पाणी न मुरणारं, त्याला ही आच लागते. दोन्ही आपापल्या जागी. माझा कप त्यांनी टिचकी मारून ऐकला, गोरोबाकाका ज्या गंभीरपणे थापटणं घेऊन बसले असतील त्याच गंभीरपणे, आणि म्हणाले, “वाजतो.”

त्यावर मी त्यांना जोर्व्याचं सांगितलं. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलं, त्याच वेळी संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्व्यालाही. जोर्व्याची भांडी साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची, तांबड्या अंगावर काळी नक्षी, काहींना तोटी, आणि इतकी नीट भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. ना शंकू, ना पायरोमीटर. आपल्या दख्खनच्या मातीतूनच ती झाली. काका म्हणाले, “मग काय तर. आमचंच काम ते.” मला वाटतं ते बरोबर बोलले.

पोटापाण्याचंही सांगते, कारण शिकायला येणारी मुलं ते विचारायला लाजतात. वर्षातून दोन-तीन भट्ट्या होतात. पावसाळ्यात नाही, आणि वारा वस्तीकडे असेल तर तेव्हाही नाही. धूर होतो, तो होत नाही असं मी म्हणणार नाही. दहातली दोन-तीन भांडी विकण्यासारखी निघत नाहीत. एक कप साधारण नऊशे रुपयांना जातो. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांवर वर्षाचा मोठा भाग निघतो, उरलेला शनिवार-रविवारच्या वर्गांवर. एका हॉटेलनं शंभर ताटल्या मागितल्या होत्या, सगळ्या एकाच रंगाच्या हव्यात म्हणून. मी नाही म्हटलं आणि गॅसवर भाजणाऱ्या एका मित्राचा नंबर दिला. त्यानं त्या उत्तम केल्या.

पुढची भट्टी दिवाळीनंतर. या वेळी सिन्नरकडच्या कचेची आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या कचेची ग्लेझं शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहे, दोन्हींत लोह किती कमीजास्त दिसतं ते कळेल. लाकूड मात्र उन्हाळ्यातच गोळा करावं लागतं. तेव्हा माल उतरल्यावर तुमच्यापैकी कुणी जुनी बाग काढणार असेल, तर खोडं पेटवू नका, मला कळवा. पिकअप घेऊन मी येते, भरायला माणसंही आणते. मांडवाची तार जेवढी सुटेल तेवढी आधी सोडवून ठेवा, बाकीची मी पक्कडनं काढेन.